तप्त डांबराची वाहतूक : विलंब हाच धोका

अपघात घडला की विषय आपोआप पहिल्या पानावर येतो. मग जळालेल्या वाहनाचे छायाचित्र, वारसांना मदतीची घोषणा, चौकशीचा आदेश आणि चालकावर गुन्हा असे सारे ठरलेल्या क्रमाने घडते व पंधरवड्याच्या आत विस्मृतीत जमा होते. तप्त डांबराच्या वाहतुकीचा प्रश्न अपघाताच्या आधीच पहिल्या पानावर यावा, एवढ्याच हेतूने आज आम्ही आमची नेहमीची जागा सोडून येथे लिहीत आहोत. पावसाळा ओसरला की राज्यभर रस्त्यांच्या कामांना वेग येतो आणि पुढचे सात-आठ महिने माहुल, आणिक व वडाळा या पट्ट्यात डांबराच्या टँकरांची वर्दळ वाढते. काही टँकर भरून निघालेले असतात, काही भरण्याच्या पाळीची वाट पाहत असतात, तर काही शहराच्या रस्त्यांवर अवजड वाहनांना मुभा मिळण्याची वेळ होईपर्यंत कडेला उभे असतात. या उभ्या राहण्यातच खरा धोका आहे, असे आमचे म्हणणे आहे.

वडाळ्याला जड मालाची सवय जुनी आहे. 1915 साली बंदराची स्वतंत्र रेल्वे सुरू झाली, ती बॅलार्ड पिअरपासून वडाळ्यापर्यंत. तेथे ती मुख्य लोहमार्गांना मिळत असे. गोद्यांतील माल शहराच्या रस्त्यांवर न आणता परस्पर देशात धाडावा, ही त्यामागची दृष्टी होती. पुढे 1954 आणि 1955 साली माहुल-तुर्भे येथे दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले, शिवडी-वडाळ्याच्या पट्ट्यात तेलाच्या टाक्या वाढल्या, ट्रक टर्मिनल आले. त्याच काळात अँटॉप हिलच्या सरकारी वसाहती, संगमनगर, कोकरी आगार अशी दाट वस्तीही वाढत गेली. बंदर रेल्वेचा व्याप मात्र पूर्वीच्या मानाने फारच आक्रसला आणि माल रस्त्यावर आला. 2013 साली खुला झालेला पूर्व मुक्त मार्ग मोटारींना वडाळ्यावरून काही मिनिटांत पलीकडे नेतो. अवजड वाहनांना त्यावर मज्जाव आहे आणि तो योग्यच आहे. पण त्यामुळे मोटारीतून जाणाऱ्यास खालच्या रस्त्यावर काय उभे आहे, हे दिसेनासे झाले, हेही तितकेच खरे.

ज्याला आपण सवयीने डांबर म्हणतो, ते कोळशापासून निघणारे जुने डांबर नव्हे. खनिज तेलातील हलके अंश काढून घेतल्यावर तळाशी उरणारा हा दाट, काळा पदार्थ, म्हणजे बिटुमेन होय. तो पेट्रोलसारखा चटकन पेट घेत नाही. रस्त्यांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या व्हीजी-30 प्रतीच्या डांबराची वाफ 220 अंश सेल्सिअसच्या खाली पेट घेऊ नये, असे भारतीय मानकच सांगते. त्यामुळे हा माल निरुपद्रवी आहे, असा समज पसरला आहे. वस्तुतः त्याचा धोका ज्वलनशीलतेहून अधिक त्याच्या उष्णतेत आहे. थंड झाला तर तो वाहत नाही. म्हणून तो सुमारे 150 अंशांवर राखूनच न्यावा लागतो. उकळत्या पाण्याहून पन्नास अंशांनी तप्त असा पंधरा-वीस टन द्रव आपल्या शेजारून जात असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे आमच्या काळजीचे कारण कळेल. आंतरराष्ट्रीय वाहतुकीत 100 अंशांहून अधिक तप्त द्रवांना 3257 हा स्वतंत्र क्रमांक देऊन धोकादायक मालात गणले जाते, ते याचमुळे.

आता विलंबाकडे वळू. टँकरच्या टाकीभोवती उष्णतारोधक आवरण असते. त्यामुळे उष्णता हळूहळू उतरते, पण उतरते हे निश्चित. भरलेला टँकर वेळेवर निघाला आणि वेळेवर पोचला, तर वाटेत त्याला हात लावण्याची गरज सहसा पडत नाही. तो तासन् तास अडकला, एखादा दिवस खोळंबला, की डांबर घट्ट होऊ लागते. कंत्राटदार थंड माल उतरवून घेत नाही. मग टाकीतून गेलेल्या नळ्यांत बर्नर पेटवून माल पुन्हा तापविणे चालकाच्या नशिबी येते. हे काम सपाट, मोकळ्या जागी, वाहन उभे असताना आणि नळ्या डांबरात पुरत्या बुडालेल्या असतानाच करावयाचे असते. माल अर्धा उतरला असेल आणि नळ्या उघड्या पडल्या असतील, तर त्या तापून लाल होतात आणि टाकीत साठलेली वाफ भडका घेते. वर सांगितलेली 220 अंशांची मर्यादा अशा वेळी काहीच रक्षण करीत नाही.

दुसरा शत्रू पाणी. रिकाम्या टाकीच्या तळाशी पावसाचे थोडे पाणी राहिले आणि तीत तप्त डांबर ओतले, तर त्या पाण्याची क्षणार्धात वाफ होते. ती मूळ पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा मागते, आणि फेसाळलेले डांबर झाकणातून कारंज्यासारखे बाहेर उसळते. तिसरा शत्रू दिसत नाही. झाकणाखाली साठणारा हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू प्रथम सडक्या अंड्यासारखा दरवळतो. पण त्याचे प्रमाण वाढले की घ्राणशक्तीच बधिर होते आणि वास गेला म्हणजे धोका टळला, असे माणसास वाटू लागते. झाकण उघडून आत डोकावणाऱ्या क्लीनरला हे कोणी समजावून सांगितले आहे काय, हा आमचा साधा प्रश्न आहे.

हा सारा टँकरवाल्यांचा प्रश्न आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे एखादा वाचक म्हणेल. संबंध दुहेरी आहे. पुन्हा पुन्हा आणि प्रमाणाबाहेर तापविलेले डांबर कडक व ठिसूळ होते. त्याची खडीवरील पकड जाते आणि असा रस्ता लवकर तडकतो. पहिल्या पावसात आपल्या मोटारीचे चाक ज्या खड्ड्यात आदळते, त्याचे एक कारण रस्त्याच्या कडेला रखडलेल्या आणि घाईने तापविलेल्या टँकरमध्येही असू शकते. सुरक्षितता व कार्यक्षमता यांना परस्परविरोधी मानण्याची आपल्याकडे रीत आहे. येथे मात्र वेळेवर पोचणारा टँकरच सुरक्षित असतो आणि त्यातलेच डांबर चांगले असते.

मुंबईचे रस्ते आता सिमेंट काँक्रीटचे होत आहेत, तेव्हा हा प्रश्न आपोआप सुटेल, असेही कोणी म्हणेल. शहराची गरज घटेल हे मान्य. परंतु कारखाने माहुलला आहेत आणि रस्ते साऱ्या महाराष्ट्रात व्हावयाचे आहेत. देशाचा डांबराचा वार्षिक खप अलीकडे ऐंशी लाख टनांच्या पुढे गेला आहे. तो सारा वीस टनी टँकरांतूनच गेला असे क्षणभर धरले, तर चार लाखांहून अधिक खेपा होतात. यातला काही भाग पिंपांतून जातो हे खरे, पण हिशोबाचा आकार त्याने फारसा बदलत नाही.

कायदा नाही असे नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यांत धोकादायक मालासंबंधी स्वतंत्र नियम आहेत आणि माल धाडणारा, वाहतूकदार व चालक या तिघांवरही जबाबदाऱ्या टाकलेल्या आहेत. व्यवहारात मात्र या तीन पायांच्या तिवईचा सारा भार चालकाच्या एकाच पायावर येतो. विलंब इतरांमुळे होतो. बर्नर त्याला पेटवावा लागतो. भाजतो तोच आणि गुन्हाही त्याच्यावरच नोंदला जातो. ही न्यायाची रीत नव्हे.

या शहराने माहितीच्या अभावाची किंमत एकदा मोजली आहे. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकीन’ या जहाजावर कापसाच्या गासड्या आणि सुमारे चौदाशे टन स्फोटके एकत्र होती, आणि धोक्याचे लाल निशाण जहाजावर चढविलेले नव्हते. आग विझविण्यास गेलेल्या अग्निशमन दलाचे 66 जवान त्या स्फोटांत बळी पडले. दरवर्षी त्या दिवशी आपण त्यांना मानवंदना देतो. पण आपल्यापुढे काय आहे, हे धावून जाणाऱ्या माणसास आधी कळले पाहिजे, हा त्यांच्या मरणाचा धडा आपण वर्षभर पाळतो काय?

आमच्या मागण्या अवास्तव नाहीत. कारखान्यांनी टँकरांना भरण्याची नेमकी वेळ ठरवून द्यावी आणि ती वाहतूक पोलिसांच्या वेळापत्रकाशी जुळवावी, म्हणजे भरलेले वाहन रस्त्यावर ताटकळणार नाही. ज्यांना थांबणे अटळ आहे, त्यांच्यासाठी वस्तीपासून दूर एक सपाट, राखीव वाहनतळ असावा, आणि माल तापविण्याचे काम तेथेच, जाणकार माणसाच्या देखरेखीखाली व्हावे. टाकी कोरडी आहे, याची लेखी खातरजमा झाल्यावाचून माल भरू नये. प्रत्येक टँकरवर मालाचे नाव व धोक्याचे चिन्ह ठळकपणे असावे. मुंबई पूर्वचे प्रादेशिक परिवहन कार्यालय वडाळ्यातच आहे. चालकांना आणि क्लीनरांनाही त्यांच्या भाषेत या मालाचे शिक्षण देण्यास याहून सोयीची जागा कोणती? भाजलेल्या जागेवर ताबडतोब भरपूर थंड पाणी ओतावे, चिकटलेले डांबर ओढून काढू नये आणि माणसास रुग्णालयात न्यावे, एवढे तीन नियम जरी प्रत्येक टँकरमध्ये मराठीत व हिंदीत लिहून लावले, तरी कित्येकांचे हात आणि चेहरे वाचतील.

यातील कोणत्याही गोष्टीस नवा कायदा लागत नाही आणि खर्चही फार नाही. कारखाने, वाहतूक पोलीस, परिवहन कार्यालय आणि महापालिका यांनी एका टेबलाभोवती बसावे, एवढेच लागते. रस्त्यांच्या कामांचा हंगाम दरवर्षी येतो, त्याची तारीख साऱ्यांना ठाऊक असते. त्यामुळे तयारीला वेळ मिळाला नाही, ही सबब कोणालाही सांगता येणार नाही. ही बैठक हंगाम भरात येण्यापूर्वी व्हावी. ती अपघातानंतर झाली, तर तिचे वृत्त आम्हाला याच पानावर छापावे लागेल, आणि त्या दिवशी अग्रलेख लिहिण्यासारखे काही उरलेले नसेल.