हलतीं चित्रें आणि आपल्या गोष्टी

आजीच्या मांडीवर डोकें ठेवून गोष्ट ऐकतां ऐकतां झोंपीं जाण्याचें भाग्य आपल्या पिंपळगांवांतहि आतां थोड्याच मुलांस लाभतें. द्राक्षांच्या हंगामांत वडील माणसें पहांटेपासून बागेंत असतात, कांद्याच्या दिवसांत बाजार-आवारांत असतात. आणि घरीं राहिलेलें मूल मोबाइलच्या कांचेंत जपानचें किंवा अमेरिकेचें कार्टून पाहत बसतें. याबद्दल मुलांस दोष देण्याची आपल्यांत चाल पडली आहे. प्रस्तुत लेखकाचें मत थोडें निराळें आहे. मुलें गोष्टींचीं भुकेलीं असतात. जो ताट वाढील त्याच्या पंक्तीस तीं बसतील. आपण त्यांच्यापुढें ताट वाढलें आहे काय, हा खरा प्रश्न होय.

हा विचार मनांत येण्यास निमित्त झालें तें चीन देशांतील एका चित्रमालेचें. ता. १ जानेवारी २०२३ पासून ‘बिलीबिली’ नामक तेथील संकेतस्थळावर आठ छोट्या ॲनिमेशनपटांची एक माला प्रसिद्ध होऊं लागली. तिच्या चिनी नांवाचा अर्थ ‘चिनी अद्भुत कथा’ असा करितां येईल. १९५७ सालीं स्थापन झालेल्या शांघाय येथील प्रसिद्ध ॲनिमेशन-संस्थेनें ही माला निर्माण केली. कथा निरनिराळ्या दिग्दर्शकांच्या, व चित्रणाची तऱ्हाहि निरनिराळी : एकींत कुंचल्याच्या शाईची छटा, तर दुसरींत कातरलेल्या कागदाची कला. विषय मात्र सर्वत्र घरचाच. भुतें, यक्ष, कोल्हे, गांवदेव, म्हणजे म्हातारीकोतारी माणसें ज्यांच्या गोष्टी सांगत आलीं, तेच या पटांचे नायक.

पहिलीच कथा पाहा. ‘पश्चिमेची यात्रा’ नांवाची चिनी कादंबरी सोळाव्या शतकांतली. तींत एक भिक्षु आपल्या वानर-शिष्यासह धर्मग्रंथ आणावयास भारताकडे निघतो, आणि वाटेंतील राक्षस त्यास खाऊं पाहतात. ही कथा चीनमध्यें घरोघर ठाऊक. परंतु या पटाच्या दिग्दर्शकानें ना भिक्षूस नायक केलें, ना पराक्रमी वानरास. त्यानें नायक केला राक्षसाच्या पदरीं राबणारा एक क्षुद्र डुक्कर-चाकर! भिक्षु यावयाचा आहे म्हणून तो सरपण गोळा करितो, बाण करितो, आणि आपल्याच अंगाच्या राठ केसांनीं भली मोठी कढई घांसून लखलखीत करितो. वरिष्ठांचे बोल मुकाट्यानें खातो. घरीं गेला म्हणजे आई त्याच्या अंगावरील झडलेले केस पाहते, आणि पाणी वेळेवर पीत जा म्हणून भोपळा भरून देते. हें पाहून ज्याच्या पोटांत कालवत नाहीं असा नोकरदार माणूस विरळा. या लहानशा कथेवरून पुढें मोठा चित्रपट निघाला, व ऑगस्ट २०२५ मध्यें तो चीनच्या चित्रपटगृहांत अलोट गर्दीनें चालला.

वाचक म्हणतील, चीनच्या डुकराशीं पिंपळगांवचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो फार जुना आहे. त्या कादंबरींतील भिक्षु म्हणजे खरोखरीचा यात्रेकरू ह्युएनत्संग. तो इ. स. ६४१ च्या सुमारास दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यांत, म्हणजे आपल्या महाराष्ट्रांत येऊन गेला. येथील लोक मानी, उपकार स्मरणारे व अपमानाचा सूड घेणारे आहेत, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. त्यानें वर्णिलेली राजधानी म्हणजे नाशिकच, असें कांहीं इतिहाससंशोधकांचें मत आहे.

मालेंतील दुसरी कथा तर याहून नवलाची. डोंगरवाटेनें बदकासारखे दोन हंस घेऊन जाणाऱ्या एका फेरीवाल्यास लंगडा कोल्हा-पंडित भेटतो आणि त्याच्या टोपलींतच बसतो. पुढें तो कोल्हा आपल्या मुखांतून एक सुंदरी काढतो. तो निजतांच ती आपल्या मुखांतून दुसरा प्रियकर काढते. आणि हें असें चालूंच राहतें. ही गोष्ट सहाव्या शतकाच्या सुमारास चीनच्या वु चुन नामक लेखकानें लिहिली. परंतु तिचें मूळ चिनी भाषेंत उतरलेल्या एका प्राचीन बौद्ध दृष्टांतग्रंथांत आहे. तेथें मुखांतून कलश काढणारा तो पुरुष चक्क ब्राह्मण आहे! नवव्या शतकांतील एका चिनी ग्रंथकारानेंच हें मूळ दाखवून दिलें आहे. आपली गोष्ट सासरीं गेली, तेथील लुगडें नेसली, आणि दीड हजार वर्षांनीं इतकी रूपवान् होऊन परत आली कीं माहेरच्या माणसांनीं तिला ओळखलेंहि नाहीं. यांत चिनी लोकांचा अपराध कांहीं नाहीं. त्यांनीं तिचा सांभाळ केला. लाज वाटावी ती आपल्याला.

ही कला आपल्यास परकी आहे असें म्हणावें, तर तेंहि खरें नाहीं. १८७० सालीं त्र्यंबकेश्वरीं जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके यांनीं १९१२ मध्यें वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्यानें टिपून एक लघुपट केला. अनेक दिवसांत वाढणारा वेल पडद्यावर क्षणांत वाढतांना दिसूं लागला. पुढें १९१५ सालीं त्यांनीं ‘आगकाड्यांची मौज’ केली. आगकाड्या मांडावयाच्या, एक चित्र घ्यावयाचें. काड्या तसूभर सरकवावयाच्या, पुन्हां एक चित्र घ्यावयाचें. अशीं शेंकडों चित्रें भराभर दाखविलीं कीं निर्जीव काड्या नाचूं लागतात. सारी किमया एवढीच. तो पट आज पाहावयास मिळत नाहीं. १९३४ च्या सुमारास प्रभात कंपनीनेंहि ‘जंबूकाका’ नांवाचा व्यंगचित्रपट केला होता. पुढें १९७४ मध्यें निघालेला ‘एक अनेक और एकता’ हा छोटा पट विजया मुळे यांनीं लिहिला. त्यांतील पाखरें व पारधी पन्नास वर्षें झालीं तरी लोकांच्या स्मरणांत आहेत. तेव्हां गोष्ट लहान म्हणून ती अल्पायुषी असते असें नाहीं.

कोणी म्हणेल, आपल्याकडेहि देवादिकांचीं कार्टूनें निघतात कीं! निघतात, आणि मुलें तीं आवडीनें पाहतात. पण त्यांतील बहुतेकांत नांवें तेवढीं आपलीं असतात. घर, झाड, चेहरा, चालणें-बोलणें, सारें कोठून तरी उसनें आणलेलें. चिनी मालेंतील एका कथेच्या दिग्दर्शकानें आपल्या लहानपणचें खेडें आणि तेथें येणारी मोटार चितारली. आपल्या जिल्ह्यांत पेठ-सुरगाण्याकडे बोहाड्याचे मुखवटे नाचतात. कोंकणांत पिंगुळीस चित्रकथी पोथींतील चित्रें उलगडून रामकथा गातात. हे मुखवटे, हीं चित्रें हलूं लागलीं तर काय बहार येईल! आणि पंचवटीच्या या मुलखांत, सेतूसाठीं दगड वाहणाऱ्या एखाद्या अनाम वानराची गोष्ट कोणास कां सुचूं नये? राम-लक्ष्मणांच्या कथा पुष्कळ झाल्या. त्या वानराच्या आईनेंहि निघतांना त्याच्या हातीं कांहीं शिदोरी दिली असेलच कीं.

दुसरा आक्षेप पैशाचा. शांघायच्या संस्थेपाशीं अनेक पिढ्यांचा अनुभव व मोठें भांडवल आहे, हें मान्य. आठ पट आपल्याकडून आज होणार नाहींत. पण दोन मिनिटांचा एक होईल. हिशेब अगदीं साधा आहे. एका सेकंदास बारा चित्रें धरलीं तर दोन मिनिटांस १,४४० चित्रें लागतात. अठ्ठेचाळीस मुलांच्या एका वर्गानें तीं वांटून घेतलीं तर प्रत्येकाच्या वांट्यास तीस येतात. भूगोलाच्या वहींत याहून अधिक नकाशे आपण काढतों. चित्रें टिपावयास यंत्र हवें. तें आज घरोघर खिशांत आहे, आणि आपण त्यावर दुसऱ्यांचीं चित्रें पाहत असतों.

म्हणून विद्यार्थिबंधुभगिनींस माझें सांगणें एवढेंच. येत्या सुटींत प्रत्येकानें घरांतील वडील माणसाजवळ बसून एक गोष्ट मागून घ्यावी. पुस्तकांत न आलेली असेल तर उत्तमच. ती जशी ऐकली तशी लिहून काढावी, आणि तिच्यांतील घर, विहीर, बैल, माणसें आपण पाहिलीं तशींच काढावीं. शिक्षकांनीं त्यांतून एक निवडावी व वर्गास कामास लावावें. पहिला प्रयत्न वेडावांकडा होईल, होऊं द्या. फाळक्यांच्या हातीं पहिल्या दिवशीं काय होतें? एक कॅमेरा, बराचसा धीर, आणि आगकाड्यांची एक पेटी. तशी पेटी आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरांत आहे.