ताटातले लोह रक्तात का उतरत नाही?

होटगी (जि. सोलापूर) : रक्तक्षय हा आडवळणाच्या पाड्यांवरचा आजार, असा शहरी वाचकांचा समज आहे. आकडे तो खोटा ठरवतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. चौथ्या फेरीत (२०१५-१६) हेच प्रमाण ५४.१ टक्के होते. पाचव्या फेरीत शहरी मुलींमध्येही ते निम्म्याहून अधिक होते. बोटातून घेतलेल्या रक्तावरील मोजमापाबाबत तज्ज्ञांत मतभेद आहेत. तरीही प्रश्नाचे गांभीर्य कमी होत नाही.

लोहाच्या गोळ्यांचा सरकारी कार्यक्रम १९७० पासून आहे. शाळकरी मुलींसाठी साप्ताहिक गोळीची देशव्यापी योजना २०१३ मध्ये आली, तर २०१८ मध्ये 'अ‍ॅनिमियामुक्त भारत' मोहीम सुरू झाली. ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी आठवड्यातून एकदा आणि जंतनाशक गोळी वर्षातून दोनदा, असे तिचे स्वरूप आहे. मात्र, गोळी हाती पडणे आणि ती पोटात जाणे यांत अंतर आहे. मळमळ होते, शौचाचा रंग काळा होतो आणि मुली घाबरून गोळी टाळतात. हे अपेक्षित असते, एवढे आधी सांगितले तरी भीती बरीच कमी होईल.

दक्षिण सोलापूर तालुक्यातील होटगी हे रेल्वे जंक्शनचे, मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारे गाव. या भागातील ज्वारीची भाकरी, डाळ, शेंगाचटणी हे जेवण लोहाविना नाही. परंतु धान्य-कडधान्यांतील लोह शरीरात कमी शोषले जाते. जेवणासोबतचा चहा ते आणखी रोखतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये १३ ते १५ वर्षांच्या मुलीसाठी रोज ३० मिलिग्रॅम लोहाची शिफारस केली. ते गाठायचे तर केवळ 'पालेभाज्या खा' हा उपदेश अपुरा आहे. भाजीवर लिंबू पिळणे, कडधान्ये मोड आणून खाणे, आंबील करणे, चहा जेवणानंतर तासाभराने घेणे, या साध्या गोष्टी शोषण वाढवतात.

गैरसमजही दूर करावे लागतील. सोलापूर हा डाळिंबाचा जिल्हा आणि 'डाळिंबाने रक्त वाढते' ही समजूत घरोघरी आहे. प्रत्यक्षात १०० ग्रॅम डाळिंबात लोह अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी असते. फळ चांगलेच; पण लाल रंग म्हणजे रक्त नव्हे.

खरा प्रश्न शिकवायचे कोणाला, हा आहे. व्याख्यान वर्गात मुलीला मिळते. चूल मात्र आई आणि आजीच्या हाती असते. अनेक घरांत मुलगी उरलेल्यावर शेवटी जेवते. त्यामुळे पालकसभेत, अंगणवाडीत, आणि होटगीसारख्या गावात कन्नडमधूनही, हे सांगितले गेले पाहिजे. वडील आणि भावांना त्यातून वगळून चालणार नाही.

आहारशिक्षण हा उपचाराला पर्याय नाही. १२ ते १९ वर्षांच्या मुलीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल, तर आहाराबरोबर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्यांचा पूर्ण क्रम घ्यावा लागतो आणि नंतर फेरतपासणीही. म्हणूनच अशा उपक्रमांचे यश किती व्याख्याने झाली यावर नव्हे, तर किती मुलींचे हिमोग्लोबिन वाढले यावर मोजले गेले पाहिजे.