विश्लेषण : स्वस्त क्रूझ सहलीचे ‘ऑन-रोड’ भाडे किती?

दिवाळी बोनस किंवा वेतनवाढ करारातील फरकाची रक्कम खात्यात जमा झाली की पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण पट्ट्यातील घरांमध्ये सहलीचे बेत सुरू होतात. गोवा, महाबळेश्वर, केरळ या नेहमीच्या यादीत गेल्या काही वर्षांत क्रूझची भर पडली आहे. ‘माणशी अमुक हजारांत समुद्रसफर, जेवण आणि मुक्कामासह, मुले मोफत’ अशा जाहिराती मोबाइलवर सतत दिसतात. आकडा परवडणारा वाटतो. प्रत्यक्षात पैसे भरण्याच्या पानापर्यंत पोहोचेस्तोवर तो बराच वाढलेला असतो आणि सहल संपवून घरी परतेपर्यंत कधी कधी दुप्पट होतो. हा फरक येतो कुठून आणि तो आधीच कळावा यासाठी काय करता येईल?

भारतात क्रूझची बाजारपेठ कशी तयार झाली?

मुंबईहून नियमित देशांतर्गत क्रूझ हा प्रकार तसा नवा आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ सुरू झाली. एप्रिल २०१९ मध्ये ‘जलेश’ कंपनीची ‘कर्णिका’ आली. मात्र करोनाकाळात ती सेवा बंद पडली आणि २०२० मध्ये जहाज अलंगच्या भंगारात गेले. सप्टेंबर २०२१ पासून ‘कॉर्डेलिया’ची ‘एम्प्रेस’ मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा सफरी करू लागली. केंद्र सरकारने ३० सप्टेंबर २०२४ रोजी ‘क्रूझ भारत मिशन’ जाहीर केले. २०२९ पर्यंत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. बॅलार्ड पिअर येथील मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटनही सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. म्हणजे येत्या काळात जहाजे वाढतील, जाहिराती वाढतील आणि पहिल्यांदाच जहाजावर पाऊल ठेवणारे प्रवासीही वाढतील. छुप्या खर्चाचा फटका सर्वाधिक बसतो तो याच नवख्या प्रवाशाला.

जाहिरातीतील आकडा नेमका कशाचा असतो?

चाकणच्या कारखान्यांतून रोज मोटारी बाहेर पडतात. तिथल्या कोणत्याही कामगाराला ‘एक्स-शोरूम’ आणि ‘ऑन-रोड’ किमतीतला फरक समजावून सांगावा लागत नाही. नोंदणी, रस्ता कर आणि विमा धरल्याशिवाय गाडी घरी येत नाही, हे सर्वांना ठाऊक असते. क्रूझच्या जाहिरातीतील भाडे हे असेच ‘एक्स-शोरूम’ भाडे असते, फक्त तसे कोणी म्हणत नाही.

तो आकडा सहसा सर्वांत स्वस्त, म्हणजे आतल्या बाजूच्या बिनखिडकीच्या केबिनचा असतो. तो एका केबिनमध्ये दोघे राहतील असे गृहीत धरून माणशी काढलेला असतो. एकट्याने जायचे असल्यास बरेचदा दुसऱ्या खाटेचेही पैसे मोजावे लागतात. शिवाय हा दर कमी मागणीच्या तारखेचा, बहुधा आठवड्याच्या मधल्या दिवसांचा असतो. भोसरी परिसरातील अनेक कारखान्यांना गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते. तिथल्या कामगाराला ही तारीख सोयीची वाटेल, पण मुलांच्या शाळेला सुट्टी शनिवार-रविवारी किंवा मे महिन्यात असते आणि त्या तारखांचे भाडे वेगळे असते.

टाळता न येणारे आकार कोणते?

मूळ भाड्यावर बंदर शुल्क, वस्तू व सेवा कर, काही ठिकाणी इंधन अधिभार आणि जहाजावरील कर्मचाऱ्यांसाठीचे सेवा शुल्क म्हणजेच ‘ग्रॅच्युइटी’ लागते. आपल्याकडे ग्रॅच्युइटी म्हटले की नोकरी सोडताना मिळणारी रक्कम आठवते. जहाजावर मात्र ती टिप असते, दर माणशी दर दिवसाच्या हिशेबाने आकारलेली. मोठ्या अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर साध्या केबिनसाठी ती दिवसाला माणशी साधारण १६ ते २० डॉलर पडते.

‘मुले मोफत’ या दोन शब्दांकडेही नीट पाहायला हवे. मोफत असते ते बहुधा आई-वडिलांच्या केबिनमधील तिसऱ्या-चौथ्या खाटेचे मूळ भाडे. बंदर शुल्क, टिप आणि त्यावरील कर अनेकदा मुलांच्या नावावरही लागतात.

‘ऐच्छिक’ खर्च कुठे वाढतो?

मूळ भाड्यात मुक्काम, ठरावीक उपाहारगृहांतील जेवण आणि मनोरंजनाचे काही कार्यक्रम येतात. ही सोय खरी आहे आणि गोव्यातील हॉटेल, जेवण व प्रवास यांच्या एकत्रित खर्चाशी तुलना केली तर ती स्वस्तही पडू शकते. याबाहेरच्या बहुतेक गोष्टींना मात्र वेगळे पैसे लागतात : शीतपेये आणि मद्य, वेगळ्या उपाहारगृहातील जेवण, वाय-फाय, छायाचित्रे, स्पा, खेळघर आणि किनाऱ्यावर उतरल्यानंतरची सहल. परदेशी जहाजांवर पेयांच्या बिलावर १८ ते २० टक्के सेवा शुल्क वेगळे पडते.

किनारा दिसेनासा झाला की मोबाइलची रेंजही जाते आणि वाय-फाय घ्यावेच लागते. समोर दुसरे दुकान नसते. खरेदी रोखीने न होता जहाजाच्या कार्डावर नोंदली जाते आणि पूर्ण बिल शेवटच्या दिवशी हातात पडते. पाकिटातून नोट काढताना हात जसा आखडतो, तसा कार्ड दाखवताना आखडत नाही.

पिंपरी ते पिंपरी हिशेब कसा मांडावा?

हे समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. यातील दर कोणत्याही एका कंपनीचे नाहीत. दोन रात्रींची सफर, आई-वडील व दोन मुले, जाहिरात ‘माणशी १५,००० रुपये, मुले मोफत’. म्हणजे डोक्यात बसलेला आकडा ३०,००० रुपये.

– बंदर शुल्क व इतर आकार, माणशी २,००० : ८,००० रुपये
– टिप, माणशी दर रात्री ५०० : ४,००० रुपये
– या सर्वांवर ५ टक्के जीएसटी धरल्यास : २,१०० रुपये
– जहाजात चढेपर्यंतचा एकूण खर्च : ४४,१०० रुपये
– पिंपरी ते बॅलार्ड पिअर आणि परत : इंधन, टोल, दोन दिवसांचे पार्किंग मिळून अंदाजे ५,००० रुपये
– जहाजावरील वाय-फाय, पेये, छायाचित्रे, मुलांचे खेळ : ६,००० रुपये
– किनाऱ्यावर उतरून टॅक्सी व फिरणे : ४,००० रुपये
– एकूण : ५९,१०० रुपये

टोलचेच पाहा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर एप्रिल २०२३ पासून मोटारीला एका बाजूने ३२० रुपये लागतात. अटल सेतूवरून गेल्यास आणखी २५० रुपये. येता-जाता मिळून १,१४० रुपये. चिंचवडहून रेल्वेने ‘सीएसएमटी’ गाठल्यास हा खर्च बराच वाचतो. तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने काही मिनिटांवर आहे. कंत्राटी कामगाराच्या बाबतीत यात बुडालेल्या रोजाचीही भर पडते.

या हिशेबाचे दोन भाग पाडायला हवेत. वाय-फाय किंवा छायाचित्रांवर झालेला खर्च ही प्रवाशाची निवड आहे. त्याबद्दल कंपनीला दोष देता येत नाही. पण ३०,००० चे ४४,१०० झाले, म्हणजे ४७ टक्के वाढ झाली, त्यात प्रवाशाची निवड काहीच नव्हती. खरा प्रश्न या भागाचा आहे.

कंपन्या असे का करतात?

जहाज बंदर सोडते तेव्हा रिकामी राहिलेली केबिन पुन्हा विकता येत नाही. इंधन, कर्मचारी आणि बंदराचा खर्च मात्र तेवढाच राहतो. त्यामुळे कमी भाड्यात का होईना, केबिन भरणे आणि प्रवासी चढल्यावर त्याच्या खर्चातून कमावणे हे या धंद्याचे गणित आहे. जगातील सर्वांत मोठ्या ‘कार्निव्हल’ समूहाचा २०२३ मधील महसूल सुमारे २१.६ अब्ज डॉलर होता. त्यातील सुमारे साडेसात अब्ज डॉलर, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक, तिकिटांखेरीज जहाजावरील व इतर विक्रीतून आले होते.

दुसरे कारण म्हणजे तुलनेची स्पर्धा. आरक्षणाच्या संकेतस्थळावर सर्वांत कमी आकडा सर्वांत वर दिसतो. एखाद्या कंपनीने प्रामाणिकपणे पूर्ण भाडे लिहिले तर ती यादीत खाली जाते. म्हणूनच हा प्रश्न एखाद्या कंपनीच्या सद्भावनेवर सोडून सुटणार नाही. नियम सर्वांना एकच हवा.

परदेशी क्रूझचे गणित वेगळे का?

सिंगापूर किंवा युरोपातील क्रूझसाठी विमान, व्हिसा आणि विमा यांचा खर्च आधी येतो. जहाज मध्येच दुसऱ्या देशात जाऊन परतणार असेल तर एकापेक्षा अधिक प्रवेशांचा व्हिसा लागू शकतो. जहाजावरील बिल परकीय चलनात असते आणि अनेक बँकांची कार्डे त्यावर चलन-रूपांतराचे वेगळे शुल्क लावतात. काही बेटे स्वतःचा कर घेतात. ग्रीसने २०२५ पासून सँतोरिनी आणि मिकोनोस येथे गर्दीच्या हंगामात क्रूझ प्रवाशांना माणशी २० युरो आकारणे सुरू केले.

याशिवाय परदेश सहलीच्या पॅकेजवर ऑक्टोबर २०२० पासून ‘टीसीएस’ कापला जातो. त्याचे दर अर्थसंकल्पागणिक बदलत आले आहेत. हा खर्च नसून आगाऊ जमा झालेला प्राप्तिकर आहे. विवरणपत्र भरताना तो वळता करून घेता येतो किंवा परत मिळतो. पण विवरणपत्रच न भरणाऱ्या कुटुंबासाठी तो गेल्यात जमा असतो.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यातील १३ प्रकारांमध्ये ‘ड्रिप प्राइसिंग’चा समावेश आहे. किमतीचे काही भाग सुरुवातीला न दाखवणे किंवा आडून दाखवणे, असा त्याचा अर्थ. ग्राहकाच्या संमतीशिवाय बिलात विमा, देणगी अशा गोष्टी टाकणे हा ‘बास्केट स्नीकिंग’ म्हणून वेगळा प्रकार ठरतो. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री मंचांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करण्यास सांगितले होते.

टिपेबाबत हॉटेलांचे उदाहरण बोलके आहे. बिलात आपोआप सेवा शुल्क लावू नये, असे प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये बजावले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. जमिनीवरच्या उपाहारगृहाला जे तत्त्व लागते, ते समुद्रातल्या उपाहारगृहाला का लागू नये, हा प्रश्न रास्त आहे.

पळवाटही इथेच आहे. जाहिरातीत तारांकन टाकून तळाशी बारीक अक्षरांत ‘कर व शुल्क वेगळे’ असे लिहिले की किंमत लपवली नाही, असे म्हणता येते.

इतर ठिकाणी मार्ग कसा निघाला?

कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून जाहिरातीतील किमतीत सर्व सक्तीचे आकार धरण्याचा कायदा लागू झाला. एका राज्यासाठी वेगळी जाहिरात करण्यापेक्षा प्रमुख क्रूझ कंपन्यांनी संपूर्ण अमेरिकेतच बंदर शुल्क व करांसह भाडे दाखवणे सुरू केले. टिप मात्र अजूनही बाहेर राहते, कारण ती कागदोपत्री ऐच्छिक आहे.

बंदर शुल्क आणि कर आमच्या खिशात जात नाहीत, मग ते आमच्या भाड्यात का दाखवायचे, असा युक्तिवाद कंपन्या करतात. पण आपल्याकडे पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावरही ‘सर्व करांसह’ किंमत छापावी लागते. घरांचेही तेच. मोशी, रावेत, वाकडमध्ये पूर्वी ‘सुपर बिल्टअप’चे क्षेत्रफळ सांगून सदनिका विकल्या जात. रेरा कायदा आल्यावर, महाराष्ट्रात मे २०१७ पासून, विक्री कार्पेट क्षेत्रावर आली. बांधकाम व्यवसाय त्यामुळे बंद पडला नाही. ग्राहकाला दोन प्रकल्पांची तुलना तेवढी करता येऊ लागली. क्रूझलाही असाच नियम हवा : टाळता न येणारी प्रत्येक रक्कम धरूनच जाहिरातीतला पहिला आकडा लिहायचा.

तोपर्यंत ग्राहकाने काय करावे?

एजंटला ‘भाडे किती’ विचारण्याऐवजी ‘चौघांचे, अमुक तारखेचे, सर्व करांसह, टिपेसह, एकूण किती’ असे विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. सेवा शुल्क सक्तीचे आहे की काढता येते, मुलांच्या नावावर काय लागते, भाड्यात कोणती पेये आणि कोणती उपाहारगृहे येतात, हे स्पष्ट करून घ्यावे. कंपनीने सफर रद्द केली किंवा मार्ग बदलला तर पैसे परत मिळणार की पुढच्या सफरीसाठी जमा राहणार, हेही पाहावे. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरील सफरी थांबतात, त्यामुळे हंगामाच्या टोकाची तारीख घेताना ही अट महत्त्वाची ठरते. ‘नो कॉस्ट ईएमआय’ घेतल्यास प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरील जीएसटी किती पडतो, तेही विचारावे.

कबूल केल्यापेक्षा जास्त पैसे घेतले गेले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करता येते. कंपनीचे कार्यालय मुंबईत असो वा दिल्लीत, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात, म्हणजे पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी आयोगाचे शुल्कही लागत नाही. त्यासाठी जाहिरातीचा आणि पैसे भरण्याच्या पानाचा स्क्रीनशॉट मात्र जपून ठेवावा लागतो.

सरकार टर्मिनल बांधून जहाजांना जागा देत आहे. प्रवाशांची संख्या दुप्पट व्हायची असेल तर एकदा गेलेले कुटुंब दुसऱ्यांदा यायला हवे. वर्षाचा बोनस खर्चून गेलेल्या माणसाला शेवटच्या दिवशीच्या बिलाने धक्का बसला, तर तो पुढच्या वर्षी पुन्हा महाबळेश्वरला जाईल आणि शॉपफ्लोअरवरच्या चार सहकाऱ्यांनाही तेच सांगेल.