सरासरीवर जाऊ नका!

‘इन्शुरन्स’ म्हटलं की आपल्याला आठवतो मेडिक्लेम, नाहीतर टॅक्स वाचवायला मार्चमध्ये घाईघाईत घेतलेली पॉलिसी. पण कंपनीच्या फायनान्सवाल्यांची डोकेदुखी वेगळीच असते. गोदामात कामगार जखमी झाला, आपल्या मालामुळे ग्राहकाला इजा झाली, तर भरपाई कंपनीच्या गळ्यात. मग विमा कशाचा काढायचा आणि भार कशाचा स्वतः उचलायचा?

उत्तर असतं जुन्या क्लेम्समध्ये. गेल्या ५-१० वर्षांचे आकडे काढायचे, त्यात महागाई धरायची, कोर्टात रेंगाळलेले क्लेम किती फुगतील तेही धरायचं. मग दोनच प्रश्न. अपघात किती वेळा होतात? आणि दणका केवढा बसतो?

समजा, वर्षाला ३० किरकोळ अपघात, प्रत्येकी खर्च २० हजार. झाले ६ लाख. हा आकडा दरवर्षी साधारण तेवढाच राहतो. त्याचा विमा काढलात, तर विमा कंपनी त्यावर आपला खर्च आणि नफा लावून प्रीमियम घेणार. त्यापेक्षा खिशातून दिलेले बरे! आता ५० वर्षांतून एकदा होणारं ५ कोटींचं नुकसान घ्या. सरासरी वर्षाला फक्त १० लाख. एवढंच? पण ज्या वर्षी ते होईल, त्या वर्षी ५ कोटीच मोजावे लागतील. म्हणून अॅनालिस्ट मंडळी कॉम्प्युटरवर हजारो काल्पनिक वर्षं चालवतात आणि सगळ्यांत वाईट वर्षात कंपनी तग धरते का, ते बघतात.

तेल कंपनी ‘बीपी’ने १९९०च्या दशकात नेमकं उलटं केलं. छोट्या नुकसानीचा विमा स्थानिक कंपन्यांकडे, कारण क्लेम निपटण्यात त्या तरबेज. आणि १ कोटी डॉलरवरचं बहुतेक नुकसान स्वतःच्या अंगावर. तिच्या आकाराचे धोके पेलेल एवढा विमा बाजारात मिळतच नव्हता. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’वर स्फोट झाला. ११ कामगार गेले, तेल ८७ दिवस वाहत राहिलं. बीपीच्या स्वतःच्याच ‘ज्युपिटर’ या विमा कंपनीची मर्यादा होती ७० कोटी डॉलर. २०१८ पर्यंत बिल गेलं सुमारे ६,५०० कोटी डॉलरवर! तीन तिमाहींचा लाभांश थांबवून, मालमत्ता विकून बीपी तगली. इतका मोठा खिसा किती जणांचा असतो? आणि गेलेली ११ माणसं कुठल्याच विम्याने परत येत नाहीत. म्हणून अपघात कुठे आणि का होतात, हे त्याच आकड्यांतून शोधून आधी ते थांबवणं महत्त्वाचं.

हेच गणित तुमच्या कारलाही लागू आहे. बंपरच्या ओरखड्यासाठी क्लेम केलात, तर नो क्लेम बोनस जातो. २० ते ५० टक्के सवलत असते ती! तो खर्च स्वतः करा. थर्ड पार्टी विमा मात्र चुकवू नका. तो कायद्याने सक्तीचा आहेच, शिवाय समोरच्याच्या जिवाची भरपाई आपल्या पगारातून झेपणारी नसते. पॉलिसी रिन्यू करताना एजंटला ‘प्रीमियम किती?’ विचाराल, तेव्हा स्वतःलाही विचारा, ‘मला किती सोसेल?’