बाई आली, बाई आल्या

आमच्या सोसायटीत लिफ्टशेजारी मध्यंतरी एक पाटी लागली. 'बायांनी लिफ्ट वापरू नये. आज्ञेवरून.' आज्ञा कुणाची, हे अशा पाट्यांवर कधीच नसतं. मी ती वाचली, 'हं' म्हटलं आणि लिफ्टनं वर गेलो. मध्यमवर्गीय माणसाचा निषेध साधारण 'हं' एवढाच असतो.

आमच्या हिचं तसं नाही. हिनं ३१ वर्षं शाळेत 'बाई' म्हणून काढली आहेत. हिनं पाटी वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली आणि भाजीची पिशवी सावरत जिन्याच्या पायऱ्या चढायला लागली. आम्ही राहतो चौथ्या मजल्यावर. गुडघे दोन्ही तक्रारीचे. सेक्रेटरी धावत आले. हे गृहस्थ हिचेच विद्यार्थी, चौथी ब.

"बाई, अहो बाई! लिफ्टनं चला ना. ते तुमच्यासाठी नाहीये, ते बायांसाठी आहे."

या वाक्याचं व्याकरण सोडवण्यात माझे चार दिवस गेले. निवृत्त माणसाला तेवढी चैन परवडते.

आधी वाटलं, दोष शब्दातच असेल. म्हणून हा एवढासा दोन अक्षरी शब्द बाहेर जगात काय दिवे लावतो ते पाहायला कोश उघडले. स्पेन आणि फ्रान्सच्या सरहद्दीवर बास्क लोक राहतात, त्यांच्या भाषेत 'बाइ' म्हणजे 'हो'. (हा अर्थ मला लग्नानंतर कोश न उघडताच कळला होता.) वेल्श भाषेत 'बाइ' म्हणजे दोष, ठपका. कपबशी फुटली की आपल्याकडेही बाईचा अर्थ तोच होतो. थायलंडात ते झाडाचं पान. चिनी लोकांचं सगळंच सुरावर चालतं. एका सुरात 'बाइ' म्हणजे पांढरा, दुसऱ्यात शंभर, तिसऱ्यात नमस्कार. पापुआ न्यू गिनीच्या टोक पिसिन भाषेत क्रियापदाशी 'बाइ' लावलं की भविष्यकाळ होतो. इंग्रजी 'बाय अँड बाय' तिथे जाऊन असं झिजलं. बाईचा आणि भविष्यकाळाचा संबंध सकाळी साडेआठला कुठल्याही स्वयंपाकघरात पटेल.

हे सगळं मी उत्साहानं शेजारच्या नानांना सांगितलं आणि पस्तावलो. "म्हणजे बास्क लोक मूळचे आपलेच!" नाना म्हणाले. नानांच्या मते जगातला प्रत्येक शब्द आपल्याकडून गेला आहे, आणि जाताना न सांगता गेला आहे. अहो, माणसाच्या तोंडातून निघणारे सोपे आवाज मोजके, आणि भाषा हजारो. दोन अक्षरांची टक्कर व्हायचीच. गर्दीत दोन जोश्यांची गाठ पडली म्हणून ते भाऊ ठरत नाहीत. असल्याच हौसेनं कुणीतरी 'बॉम्बे' हे नाव पोर्तुगीज 'बॉम बाइया', म्हणजे चांगली खाडी, यावरून काढलं. पोर्तुगीजमध्ये खाडी स्त्रीलिंगी. तिच्यापुढे 'बॉम' येत नाही, 'बोआ' येतं. ज्यांची भाषा त्यांनीच गावाचं नाव ठेवताना लिंग चुकवलं असेल, हे मला पटत नाही. ती मुंबाआईची मुंबईच होती. सरकारी कागदावर यायला मात्र तिला १९९५ पर्यंत थांबावं लागलं.

तुर्कस्तानात आणखी मजा. तिथे 'बाय' म्हणजे बाप्या! १९३४ साली कायदा करून तिथल्या सरकारनं पाशा, बे, एफेंदी असल्या पदव्या मोडीत काढल्या आणि पुरुषांना 'बाय', स्त्रियांना 'बायान' ठरवून दिलं. आता तिथल्या कित्येक बायका म्हणतात, आम्हाला 'बायान' नको, सरळ 'कादन', म्हणजे बाईच, म्हणा. सभ्य शब्दाच्या पडद्यामागे आम्हाला लपवू नका. नाना यावर काही बोलले नाहीत.

लांब कशाला, आपल्याच देशात बघा. राजस्थानात घरच्या लाडक्या लेकीला 'बाईसा' म्हणतात. पंजाबच्या माळव्यात 'बाई जी' अशी हाक मारली तर मागे वळून बघतो तो मिशीला पीळ दिलेला सरदार, कारण तिथे बाई म्हणजे थोरला भाऊ. आणि पंजाबीत बावीसलाही 'बाई'च म्हणतात. उत्तरेत मात्र गाणाऱ्या स्त्रीच्या नावाला 'बाई' लागलं की भल्या घरांच्या खिडक्या बंद व्हायच्या. अख्तरीबाई फैजाबादी १९४५ साली एका बॅरिस्टरांशी लग्न करून बेगम अख्तर झाल्या. गळा तोच.

आणि आमच्या गोव्याच्या केसरबाई केरकर? त्या शेवटपर्यंत केसरबाईच राहिल्या. १९७७ च्या सप्टेंबरात अमेरिकेनं व्हॉयेजर यान सोडलं. परग्रहावरच्या कुणी ऐकलंच तर असावं म्हणून त्यात एक सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी ठेवली. तिच्यावर बाख आहे, बीथोव्हन आहे, आणि केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. यान सुटल्यावर अकरा दिवसांनी बाई गेल्या. २०१२ साली ते यान सूर्याच्या प्रभावाची वेस ओलांडून पलीकडच्या पोकळीत शिरलं. एक बाई तिथवर पोचली. आमच्या सोसायटीत मात्र तिला जिन्यानंच यावं लागलं असतं.

तर दोष शब्दाचा नाही. जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई अशी नावं ज्यानं पेलली, त्या शब्दाला लिफ्ट पेलणार नाही? तरी आता शाळेतल्या बाईंना 'बाई' म्हटलेलं खपत नाही. 'मॅडम' म्हणायचं. मूळ फ्रेंच अर्थ 'माझी मालकीण' हे खरं, पण इंग्रजीत कुंटणखाना चालवणारीलाही 'मॅडम'च म्हणतात, हे शाळेत कुणी सांगत नाही. आणि कामाच्या बाईची केली 'मेड'. 'मेड' म्हणजे मुळात कुमारिका. आमच्याकडे येणाऱ्या सुमनबाईंना तीन नातवंडं आहेत.

सेक्रेटरींच्या वाक्याचं व्याकरण मला चौथ्या दिवशी सुटलं. शाळेतल्या बाई 'आल्या', कामाची बाई 'आली'. 'बाईंना' चहा दे, 'बाईला' कप दे. आणि तो कपही वेगळा, कान तुटलेला. सगळी प्रतिष्ठा एका अनुस्वारावर टांगलेली आहे हो! तो शाईचा ठिपका, त्याला काही खर्च येत नाही. पण द्या म्हटलं की मंडळी पगारवाढ मागितल्यासारखी दचकतात. "आल्या म्हटलं तर डोक्यावर बसतील." हे वाक्य माझ्याच इमारतीत मला तिघांनी ऐकवलं. साहेबाला 'आले' म्हणून म्हणून आपण त्याला आयुष्यभर डोक्यावर बसवलं, तेव्हा कुणाची मान दुखली नाही. मी तरी कोण मोठा? गेली नऊ वर्षं रोज सकाळी "बाई आली का गं?" असं मीच ओरडतो.

आणि लिफ्टचं काय? सुमनबाई सहा घरं करतात, सहा मजल्यांवर. तिसऱ्या मजल्यावरचा जॅकी दिवसातून दोनदा लिफ्टनं खाली फिरायला जातो. त्याला कुणी 'आले' म्हणत नाही, तरी लिफ्ट आहे. त्याचे केस आरशावर चिकटतात ते पुसतात कोण, तर सुमनबाई. लिफ्ट पुसायला आत गेलेलं चालतं. बटण दाबायचं नाही.

मी हे सगळं कमिटीला अडीच पानी पत्रात लिहिलं. बास्कसुद्धा घातले. आठ दिवसांनी पाटी बदलली: 'मेड्सनी लिफ्ट वापरू नये. आज्ञेवरून.' सेक्रेटरी हसत घरी आले. "बाई, आता तर तुमचा प्रश्नच मिटला."

ही त्यांच्याबरोबर खाली गेली. पर्समधून लाल पेन काढलं, पाटीखाली 'दहापैकी शून्य, सुधारून आण' असं लिहिलं, तारीख घालून सही केली. सेक्रेटरी हात मागे बांधून उभे होते, चौथी बमध्ये उभे राहत असतील तसेच.

सुधारलेली पाटी अजून यायची आहे. तोवर ही आणि सुमनबाई जिन्यानंच येतात. दुसऱ्या मजल्यावर दोघी दम खायला थांबतात. तिथे परवापासून दोन स्टुलं दिसतात. कुणी ठेवली विचारलं, तर वॉचमन म्हणाला, सेक्रेटरींनी.