डफावरून बीटवर

एप्रिल 2023मध्ये राज मुंगसे आणि उमेश खाडे या दोन तरुण मराठी रॅपरांवर गाण्यांपायी पोलिसांनी गुन्हे नोंदवले. एकाने राज्यातल्या सत्तांतरावर बोट ठेवलं होतं, दुसऱ्याने सामान्य माणसाच्या हालांवर. हा अंक त्यांच्यासारख्या पोरांच्या गाण्यावर आहे.

अलिबाग-उरणच्या वाचकांना हा विषय शहरातला वाटेल. आम्हाला तो घरचाच वाटतो, कारण अन्यायाविरुद्ध उभं राहणं या मातीत जुनं आहे. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी जमीनदार खोतांविरुद्ध 1933 ते 1939 शेतं पडीक ठेवली, पोटाला चिमटा घेतला, पण माघार घेतली नाही. जानेवारी 1984मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी लढताना जासई परिसरात पाच जण पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. आणि महाडच्या 1927च्या सत्याग्रहाचा विचार आंबेडकरी जलशांनी गावोगाव नेला.

रॅपचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधला, 1970च्या दशकातला. पण ठेक्यावर शब्द चढवत सत्तेला जाब विचारणं शाहिरांनी इथे कधीच रुजवलं होतं. जलशाला गाव जमावं लागे. आज खिशातल्या फोनवर काम भागतं. सगळंच रॅप आम्हाला भावतं असं नाही, काहींत नुसत्या शिव्याच असतात. तरी गाण्याला उत्तर गाण्याने द्यावं, गुन्हा नोंदवून नव्हे, हे आमचं ठाम मत आहे.

तुमच्या गावात आगरी-कोळी बोलीत कुणी बंदरावर, जमिनीवर, मासळीवर असं गात असेल, तर आम्हाला जरूर कळवा. मतभेद असतील तर तेही लिहा. पुढच्या अंकात छापू.