हरीण पशुधन की जनतेची संपत्ती?

अमेरिकेतील हरीणपालक आणि तेथील राज्य सरकारे यांच्यात अनेक वर्षे धुमसत असलेला संघर्ष वरकरणी एका पशुरोगाविषयीचा आहे. त्याच्या मुळाशी मात्र वेगळाच प्रश्न आहे. कुंपणाआड वाढविलेले हरीण हे गाई-म्हशींसारखे मालकाचे पशुधन, की रानातल्या हरणासारखी जनतेची संपत्ती? या प्रश्नाचे उत्तर राज्यागणिक बदलते आणि त्यावरच रोगनियंत्रणाचे सारे राजकारण उभे आहे.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हरणांची व्यापारी पैदास हा विषयच उद्भवत नाही. अमेरिकेत मात्र पांढऱ्या शेपटीची हरणे आणि एल्क पाळणे हा रीतसर व्यवसाय आहे. त्यातील मोठी कमाई मांसापेक्षा शिंगांची असते. भव्य शिंगांचे नर पैदास करून ते कुंपणबंद शिकारक्षेत्रांना विकले जातात, तेथे हौशी शिकारी हजारो डॉलर मोजून त्यांची शिकार करतात. उत्तम नराच्या वीर्यालाही बाजारभाव असतो. साहजिकच एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हरणांची ने-आण हा या धंद्याचा कणा आहे आणि नेमका त्यावरच घाव घालणारा रोग म्हणजे क्रॉनिक वेस्टिंग डिसीज.

न दिसणारा शत्रू

१९६७ मध्ये कोलोरॅडोतील एका संशोधन केंद्रातील हरणांमध्ये हा रोग प्रथम लक्षात आला. प्राणी खंगत जातो, लाळ गाळतो आणि मरतो. जिवाणू वा विषाणू नव्हे, तर प्रायॉन नावाची विकृत घडीची प्रथिने त्याचे कारण आहेत. ‘मॅड काऊ’ रोग याच कुळातला. या रोगावर औषध नाही, लसही नाही. लागण झाल्यावर दीड-दोन वर्षे प्राणी धडधाकट दिसू शकतो आणि त्या काळातही रोग पसरवितो. प्रायॉन मातीत वर्षानुवर्षे टिकून राहतात. माणसाला लागण झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही, तरीही बाधित प्राण्याचे मांस खाऊ नये, असा तेथील आरोग्य यंत्रणांचा सल्ला आहे. आज हा रोग ३५ हून अधिक राज्यांत पोहोचला आहे.

व्यापारातून तो पसरतो, याचे पुरावे आहेत. १९९६ मध्ये कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात पाळीव एल्कमध्ये तो आढळला आणि २००१ मध्ये कॅनडातून आयात केलेल्या एल्कमार्फत तो थेट दक्षिण कोरियात पोहोचल्याचे उघड झाले. मात्र पालकांचा प्रतिवादही सर्वस्वी पोकळ नाही. टेक्सासमध्ये हा रोग प्रथम सापडला तो २०१२ मध्ये आणि तोही रानातल्या हरणांत. मग दोष फक्त आमच्याच माथी का, असा त्यांचा सवाल आहे. एक प्राणी बाधित निघाला, तर संपूर्ण कळप मारण्याची वेळ येऊ शकते. केंद्र सरकारची भरपाई मात्र प्रत्येक प्राण्यामागे कमाल ३ हजार डॉलर. उमद्या नराची बाजारातील किंमत याच्या कितीतरी पट असते.

न्यायालय आणि विधिमंडळ

२०१५ मध्ये टेक्सासच्या मेडिना काउंटीतील एका पैदास केंद्रात बाधित हरीण सापडले आणि राज्याने वाहतुकीवर कडक निर्बंध घातले. पैदासकार न्यायालयात गेले. स्वखर्चाने वाढविलेले हरीण आमची मालमत्ता आहे, असा त्यांचा दावा होता. २०१९ मध्ये ऑस्टिन येथील अपील न्यायालयाने तो फेटाळला. परवान्यामुळे पैदासकाराला हरीण बाळगण्याचा अधिकार मिळतो, मालकी जनतेचीच राहते, हा त्या निकालाचा अर्थ. पुढे २०२४ मध्ये, दीर्घ कायदेशीर लढ्यानंतर, एका पैदास केंद्रातील सुमारे अडीचशे हरणे राज्याच्या कर्मचाऱ्यांनी मारली. त्यानंतर २०२५ मध्ये एका लोकप्रतिनिधीने राज्याचे उद्याने व वन्यजीव खातेच रद्द करण्याचे विधेयक मांडले! ते संमत झाले नाही. पण असंतोष कुठवर गेला आहे, हे त्यातून दिसले.

मिनेसोटात लढाई रंगली ती खात्यांच्या पातळीवर. पाळीव हरणांवर देखरेख पशुआरोग्य मंडळाची, तर रानातल्या हरणांची जबाबदारी नैसर्गिक संसाधन खात्याची. पशुपालनाची जाण असलेले मंडळ पालकांना आपले वाटे. शिकारी संघटनांना ते ढिले वाटे. २०२१ मध्ये बेल्ट्रामी काउंटीत पाळीव हरणांचे अवशेष सार्वजनिक जमिनीवर टाकल्याचे उघड झाले आणि पारडे फिरले. २०२३ च्या कायद्याने पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या नव्या फार्मची नोंदणी बंद केली आणि देखरेख संसाधन खात्याकडे सोपविली. माँटानाच्या मतदारांनी तर २००० मध्येच सार्वमताने नव्या फार्मना आणि पैसे घेऊन कुंपणातील शिकारीला बंदी केली. त्याविरुद्ध भरपाई मागणाऱ्या पालकांना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये नकार दिला.

या संघर्षात शिकाऱ्यांचे वजन मोठे आहे, कारण राज्यांच्या वन्यजीव खात्यांचा खर्च बव्हंशी त्यांच्याच परवाना शुल्कातून आणि शस्त्रे-काडतुसांवरील करातून भागतो. पालक संख्येने कमी, पण ग्रामीण मतदारसंघांत संघटित आहेत. बचावात्मक पवित्रा सोडून ते आता स्वतःचा उपायही पुढे करू लागले आहेत. रोगाला तुलनेने दाद न देणाऱ्या जनुकांची हरणे पैदास करून रानात सोडावीत, हा तो उपाय. ओक्लाहोमाने २०२४ मध्ये तसा कायदाही केला. अर्थात, प्रतिकार म्हणजे संपूर्ण संरक्षण नव्हे आणि रानात सोडलेली हरणे परत बोलावता येत नाहीत.

हा रोग लक्षणे दिसण्याआधीच पसरतो. त्यामुळे ठोस पुराव्याची वाट पाहणारे सरकार नेहमीच उशिरा पोहोचणार. निर्बंध आधीच घालावे लागतील, हे खरे. पण हरीण जनतेचे असेल, तर जनतेच्या रक्षणासाठी ते मारण्याची किंमतही जनतेनेच उचलायला हवी. भरपाई तुटपुंजी राहिली, तर आजारी प्राणी दाखविण्यापेक्षा लपविणे पालकाला परवडते. मालकी आपली आणि नुकसान मात्र दुसऱ्याचे, या न्यायाने कोणत्याही साथीला आवर घालता येत नाही.